आगासलीमनं दाखवलेलं पाणी

बाकूजवळच्या पिराल्लाही बेटावर आगासलीमला ओळखत नाही असं माणूस काय, मांजरसुद्धा नव्हतं. मांजरांचं कारण निराळं, तो टगवरून, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवरून, उतरताना खिशात कायम माशांची डोकी घेऊन यायचा. माणसांचं कारण म्हणजे त्याचं तोंड. चहाखान्यात बसला की दुसऱ्याला बोलू द्यायचा नाही. एकदा म्हणे धुक्यात त्यानं सबंध रात्र एक तराफा ओढत आणला आणि उजाडल्यावर बघतो तर दोरीला तराफाच नाही, दुसरी टगच बांधलेली, तिचा कप्तानही समजत होता की आपणच ओढतोय. दर खेपेला त्या दुसऱ्या कप्तानाचं नाव बदलायचं. कुणी टोकलं की आगासलीम म्हणायचा, "अरे, असे कप्तान एकटे-दुकटे आहेत का आपल्याकडे?"

त्याच्या टगचं नाव 'लाचीन'. बुटकी, काळी, धुराड्याला तीनदा ठिगळ लावलेली. समुद्रात लोखंडी खांबांवर उभ्या असलेल्या तेलविहिरींकडे पाइप न्यायचे, सिमेंट न्यायचं, मोठ्या जहाजांना धक्क्याला लावायचं. "ढकलणं आणि ओढणं, देवानं तिसरं काम मला दिलंच नाही," तो म्हणायचा. त्याची बायको शेरेबानू यावर म्हणायची, "आणि बोलणं? ते कुणाच्या वाट्याचं करता?"

शेरेबानू त्याला नावानं हाक मारत नसे. बेटावर कुठलीच बाई मारत नाही. थोरल्या मुलाच्या नावानं नवऱ्याला बोलवायचं. तर ती म्हणायची, "एलशादचे बाबा." एलशाद थोरला, त्याच्या पाठची सोलमाज. एलशाद शिकला, खोल पाण्यातल्या नव्या विहिरीवर कामाला लागला. समुद्राच्या अगदी मध्यावर, जिथून आपला किनाराही दिसत नाही आणि पलीकडचा तुर्कमेनांचाही दिसत नाही, तिथे ती विहीर खोदत होते. जागेला कामगार नुसतं 'मधला खडक' म्हणत. तेव्हा सगळा एकच देश होता, त्यामुळे खडक मधला असला काय आणि कडेचा असला काय, कुणाचं काही अडत नव्हतं.

एकोणनव्वद सालच्या डिसेंबरात खज़री सुटला. हा उत्तरेचा वारा सुटला की बेटावरच्या बाया वाळत घातलेले कपडेच काय, मुलंसुद्धा घरात ओढून घेतात. त्या वाऱ्यात मधल्या खडकावर माणसांना पिंजऱ्यात घालून क्रेननं बोटीतून वर घेत होते. पिंजरा झोके खाऊ लागला आणि एलशादचा हात सुटला, तो खाली पाण्यात पडला. बावीस वर्षांचा होता. सापडला नाही.

आता बेटावरची रीत अशी. मातीत गेलेल्या माणसाचा चाळिसावा दिवस घरी करतात. पाण्यात गेलेल्याचा मात्र तो जिथे पडला तिथल्या पाण्यावर. आईनं पीठ लोण्यात भाजून, केशर-गुलाबपाणी घालून हलवा करायचा, त्या जागी जाऊन पाण्यावर सोडायचा आणि मुलाला निरोप द्यायचा. जुनी माणसं सांगत, बुडालेला आपली जागा सोडून कुठे जात नाही, तो तिथेच वाट बघत असतो. दुसरीकडे सोडलेला हलवा दुसऱ्याच कुणाच्या मुलाच्या तोंडी जातो. निरोप दिल्यावर शेजारणी आईच्या डोक्यावर रंगीत रुमाल बांधतात, काळे कपडे उतरवतात. तोपर्यंत घर सुतकात. त्या घरात लग्न नाही, गाणं नाही.

एलशादचा चाळिसावा आला जानेवारीच्या शेवटी. त्याच महिन्यात बाकूत रणगाडे शिरले होते, रस्त्यावर माणसं मेली होती, बंदर बंद होतं. शेरेबानू हलव्याचं पातेलं मांडीवर घेऊन धक्क्यावर बसून राहिली. हलवा गार झाला, तुपाचा थर आला. आगासलीम म्हणाला, "चल घरी. बंदर उघडलं की जाऊ."

बंदर उघडलं. पण तोवर देशच उरला नाही.

पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. एका समुद्राभोवती पाच देश उभे राहिले आणि पाण्याची वाटणी सुरू झाली. समुद्र आहे की तळं, यावर शहाण्या माणसांनी वीस-पंचवीस वर्षं काढली, कारण समुद्र म्हटलं तर वाटणी एका तऱ्हेनं होते आणि तळं म्हटलं तर दुसऱ्या. मधल्या खडकाखाली तेल आहे हे सगळ्यांना माहीत. आपल्यांनी त्याला एका कवीचं नाव दिलं, तुर्कमेनांनी एका घोड्याचं. आगासलीम चहाखान्यात म्हणाला, "बरं झालं. आता घोडा कविता करील आणि कवी हरभरे खाईल." सगळे हसले. घरी गेल्यावर मात्र तो हसला नाही. त्या पाण्यात आता कुणाचीच बोट जात नव्हती.

शेरेबानूनं अर्ज केला. चार वर्गांपुरती शिकलेली बाई. तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं की माझ्या मुलाला निरोप द्यायला मला मधल्या खडकावर जाऊ द्यावं. बाकूच्या एका कचेरीत तिला बोलावलं. तिथला अधिकारी तरुण होता, चांगल्या घरचा. तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

"मावशी, ती जागा आपलीच आहे," तो म्हणाला. "आपल्याच घरात जायला कुणी परवानगी मागतं का?"

"मग जाऊ?"

"जाता येणार नाही. पलीकडचे त्यांची म्हणतात."

"मग त्यांना विचारते."

"तेच तर करू नका. त्यांच्याकडे अर्ज केलात म्हणजे जागा त्यांची आहे असं आपणच लिहून दिलं. उद्या तुमचं पत्र ते बैठकीत पुढे करतील."

शेरेबानूनं चहाचा पेला खाली ठेवला. "बाळ, माझा मुलगा पडला तेव्हा ती जागा कुणाची होती?"

"तेव्हा एकच देश होता, मावशी."

"मग त्याच देशाकडून चिठ्ठी आणते. कुठे बसतात हल्ली ते?"

अधिकाऱ्यानं अर्जाची घडी करून तो फायलीत ठेवला. आगासलीम दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता.

ती दर वर्षी अर्ज करत राहिली आणि काळ्या कपड्यांत राहिली. इकडे सोलमाजला वुगार नावाच्या मुलाकडून मागणी आली. मुलगा सुमगाइत शहरातला, वेल्डर, सज्जन. आपल्याकडे मागणी घालायला आलेल्यांना चहा देतात. साखर घालून दिला तर होकार, बिनसाखरेचा दिला तर नकार. शेरेबानूनं बिनसाखरेचा चहा पुढे केला. "मुलाला नाही म्हणत नाही मी," ती म्हणाली, "पण एलशादचा निरोप झाल्याशिवाय या घरात साखर नाही." पुढच्या वर्षी परत आले, परत तसाच चहा. पाचव्या वर्षी वुगारचा काका म्हणाला, "आगासलीम, आम्हाला आता कडू चहाच आवडायला लागलाय. आमच्या घरीही साखर बंद केलीय." तो गमतीत म्हणाला, पण सोलमाज स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती ते आगासलीमला बसल्या जागेवरून दिसत होतं. ती एकतिसावं वर्ष गाठत होती.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात त्यानं ठरवलं. तो काळ वाईट होता. त्याच सुमारास समुद्रात पाहणी करणाऱ्या एका जहाजाला दुसऱ्या देशाच्या गनबोटीनं माघारी पाठवलं होतं, आणि लहान बोटींनी ठरावीक रेषेपलीकडे जायचं नाही असा हुकूम होता. आगासलीमनं बंदरात सांगितलं, इंजिन तपासायला जरा लांब जातो. सोबत फक्त इंजिनवाला एझदार. पहाटे शेरेबानू पातेलं घेऊन चढली. दुसऱ्या हातात एलशादचा सदरा, त्यानं शेवटच्या खेपेला घरी काढून ठेवलेला, बारा वर्षं न धुतलेला.

दुपारपर्यंत ठीक गेलं. मग वायरलेसवर आवाज आला. लाचीन, तू रेषेजवळ आहेस, वळ. आगासलीमनं उत्तर दिलं नाही. पुन्हा आवाज आला, यावेळी नाव-गाव घेऊन. वळला नाहीस तर बोट जप्त, परवाना जप्त, आणि पलीकडून कुणी गोळी घातली तर आम्ही जबाबदार नाही. मधला खडक अजून चार तासांवर होता.

एझदार खालून डोकं काढून म्हणाला, "कप्तान, घरी चला. बाईला सांगा खरं काय ते."

आगासलीमनं काचेतून मागे पाहिलं. शेरेबानू मागच्या डेकवर दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसली होती, पातेल्यावर फडकं झाकून, त्यावर दोन्ही हात ठेवून. वाऱ्यानं तिला वायरलेस ऐकू जात नव्हता. चोहोकडे पाणी सारखंच. त्याला वाटलं, ही आता परत गेली तर पुन्हा कधी निघायची नाही. सोलमाज त्याच घरात म्हातारी होईल. त्यानं वायरलेस बंद केला, इंजिन मंद केलं, बाहेर गेला.

"आलो," तो म्हणाला.

"हीच जागा?"

"हीच."

तिनं विचारलं नाही की कशावरून. तीस वर्षं ज्या माणसानं धुक्यातून तराफे आणले त्याला काय विचारायचं? ती कठड्याशी गेली. हलवा मुठीमुठीनं पाण्यावर सोडला. मग सदरा तोंडाशी धरून बराच वेळ बोलत राहिली. काय बोलली ते आगासलीमला पुरतं ऐकू आलं नाही, तो सुकाणूपाशी पाठ करून उभा होता. रागावल्यासारखं बोलली, हसल्यासारखं बोलली, मग ओरडून रडली, तशी ती बारा वर्षांत रडली नव्हती. सदरा सोडला. तो लगेच बुडाला नाही, बाह्या पसरून तरंगत गेला. परतीच्या वाटेत ती डेकवरच झोपली, लहान मुलासारखी, तोंड उघडं ठेवून.

शेजारणींनी रंगीत रुमाल बांधला. त्या शरद ऋतूत सोलमाजचं लग्न झालं आणि वुगारच्या काकाच्या पेल्यात शेरेबानूनं स्वतः साखरेचे सहा खडे टाकले. "प्या आता," ती म्हणाली, "सात वर्षांची उधारी."

आगासलीमचं मात्र चहाखान्यात बोलणं कमी झालं. आधी लोकांना वाटलं, मुलीच्या लग्नानं दमला. मग वाटलं, वय. ज्या माणसानं आयुष्यभर हजार थापा मारल्या, त्याला एक थाप पचेना. कारण ती थाप संपतच नव्हती. शेरेबानू भाकरी थापता थापता विचारायची, "तिथे खोल किती असेल हो पाणी?" त्याला सांगावं लागायचं. "तिथे सील मासे येत असतील ना? सोबत होत असेल त्याला." तो म्हणायचा, येतात. संध्याकाळी ती गच्चीवरून पूर्वेकडे बघायची आणि चेहऱ्यावर असं समाधान असायचं, की आगासलीम उठून मांजरांना काहीबाही टाकायला जायचा. एझदार गेला तेव्हा ते ठाऊक असलेला तो एकटाच उरला. 'लाचीन' भंगारात गेली. त्यानं ऐंशी ओलांडली.

आणि एके दिवशी टीव्हीवर दाखवलं की वाद मिटला. आपले आणि तुर्कमेन मिळून मधल्या खडकाचं तेल काढणार. युरोपाला गॅस हवा होता, दोन्हीकडच्यांना गिऱ्हाईक हवं होतं, आणि तीसेक वर्षं जे जमत नव्हतं ते काही महिन्यांत जमलं. कवीही गेला, घोडाही गेला. नवीन नाव ठेवलं 'शेजार'. हसऱ्या माणसांनी एकमेकांना पेनं दिली.

आठवड्यानं कामगार संघटनेचा रासिम घरी आला. हातात यादी होती. "आगासलीम मामा, शेरेबानू मावशी, चांगली बातमी आहे. त्या विहिरीवर गेलेल्या नऊ जणांच्या घरच्यांना शुक्रवारी जहाजानं तिथे नेणार आहेत. दोन्ही देशांचे मोठे लोक फुलं वाहणार. एका घरचं एक माणूस. तुमचं नाव घालू, मावशी?"

"माझं झालंय, बाळा," शेरेबानू म्हणाली. "आम्ही कधीच जाऊन आलो. हुकूम मोडून. ह्यांनी नेलं मला." तिनं आगासलीमकडे अशा नजरेनं पाहिलं की रासिमही कौतुकानं त्याच्याकडे बघू लागला. "निरोप दिलेल्याला पुन्हा हाक मारू नये. एलशादचे बाबा, तुम्ही जा. तेव्हा तुम्ही सुकाणूवरच होता. तुमचं बोलणं राहूनच गेलं त्याच्याशी."

म्हणजे वाट अगदी मोकळी होती. आगासलीमनं जायचं, खऱ्या पाण्यावर हलवा सोडायचा, परत यायचं. कुणाला काही कळायचं नाही. ती सबंध रात्र आणि दुसऱ्या दिवशीही तो मनाशी हेच म्हणत होता. गुरुवारी शेरेबानूनं पीठ भाजायला घेतलं. ढवळता ढवळता ती सांगत होती, "त्याला सांगा, सोलमाजच्या मुलीला त्याचेच डोळे आलेत. मी तेव्हा म्हणाले होते तिला मूल झालं की सांगेन, आणि राहिलंच. सांगा, आई म्हणाली तसं झालं."

"शेरेबानू," तो म्हणाला. बेटावर पुरुषही बायकोला नावानं सहसा हाक मारत नाहीत. तिनं चमचा थांबवला. "आपण तिथे गेलोच नव्हतो."

मग त्यानं सगळं सांगितलं. वायरलेस, रेषा, चार तास. सोलमाजचं नाव त्यानं घेतलं नाही, मुलीच्या आड लपल्यासारखं झालं असतं. पीठ करपायला लागलं होतं. शेरेबानूनं पातेलं खाली उतरवलं.

"मग तो हलवा कुणी खाल्ला?" तिनं विचारलं.

त्यानं शेगडी विझवली.

"आणि सदरा?"

"मला माहीत नाही."

"चौतीस वर्षं," ती म्हणाली. "चौतीस वर्षं तो तिथे उपाशी बसलाय, आणि मी इथे साखर खातेय."

तिनं करपलेलं पीठ फेकलं, पातेलं घासलं, पुन्हा पहिल्यापासून पीठ भाजलं. तो मदतीला पुढे झाला, तिनं कोपरानं बाजूला केलं. मग ट्रंकेतून काळे कपडे काढले. रासिमला फोन तिनं स्वतःच केला. "माझं नाव घाल," म्हणाली.

शुक्रवारी उजाडताना जहाज गेलं. मोठं, पांढरं, दोन देशांचे झेंडे लावलेलं. आगासलीम धक्क्याबाहेरच्या बाकावर बसून राहिला. आत सोडत नव्हते, यादीत नाव नव्हतं. पहारेकऱ्यानं दोनदा चहा आणून दिला. "मामा, घरी जा, संध्याकाळ होईल." तो नुसता मान हलवायचा. त्याला वाटत होतं, ती ओरडेल, शिव्या देईल, बोलणार नाही. बोलली नाही तरी चालेल. पण आज तरी खरं झालं. उशिरा का होईना, मुलाला आई मिळाली.

सूर्य कलला तेव्हा जहाज आलं. फुलंवाली मोठी माणसं आधी उतरून गाड्यांत बसली. मग घरची माणसं, बहुतेक म्हातारी, एकमेकांना धरून. काही अजून हुंदके देत होती. शेरेबानू सगळ्यांच्या मागून आली, रिकामं पातेलं काखेत. डोळे कोरडे. ती सरळ त्याच्यापाशी आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

त्यानं रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "झालं?"

"पाणीच आहे," ती म्हणाली. "तसंच. तेव्हा होतं तसंच."

"बोललीस त्याच्याशी?"

"काय बोलू?" तिनं पातेलं मांडीवर घेतलं. "सगळे रडत होते. मी उभी होते. आठवून बघितलं, काय सांगायचं होतं त्याला. सगळं तेव्हाच सांगून झालं होतं. जे होतं ते सगळं मी त्या दुसऱ्या पाण्याला देऊन टाकलं. आज तिथे हलवा सोडला, तर दुसऱ्याच्या दारात ठेवल्यासारखं वाटलं." तिनं पातेल्याच्या काठावरून बोट फिरवलं. "नातीच्या डोळ्यांचं सांगायचं होतं. तेसुद्धा तोंडातून निघेना."

"मी सांगायला नको होतं," आगासलीम म्हणाला.

"तेव्हा खोटं सांगायला नको होतं, की आता खरं सांगायला नको होतं?"

तो समुद्राकडे बघत राहिला.

"खोटी का होईना, माझी एक जागा होती," शेरेबानू म्हणाली. आवाजात राग नव्हता, राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "गच्चीवरून बघायची मी. आता कुठे बघू? त्या खोट्या पाण्याकडे बघितलं तर तिथे तो नाही, आणि खऱ्याकडे बघितलं तर तिथे मी नाही."

शेवटची बस आली. वाहक ओळखीचा होता, त्यानं दार धरून ठेवलं. "चला मावशी, चला मामा, वारा सुटतोय." शेरेबानू उठली, पायरीवर चढायला तिला जड गेलं, आगासलीमनं हात पुढे केला. तिनं तो धरला, कारण धरायला दुसरं काही नव्हतं. आत गेल्यावर ती खिडकीशी बसली, तो शेजारी. बस वळली तशी खिडकीत समुद्र आला. तिनं मान फिरवली आणि पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसली, घर येईपर्यंत.